धुरावर की आवाजावर

— नाही, तेच तर मला नक्की आठवत नाही, बाळ. पिस्तुलाचा धूर पाहिला की नुसता आवाज ऐकला — चाळीस वर्षं झाली आता — कधी वाटतं पाहिला होता, पांढरा, पीटीच्या मास्तरांच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला, आणि कधी वाटतं तो धूर दुसऱ्याच कुठल्या तरी शर्यतीतला, मी आपला उचलून इथं आणून चिकटवलाय. म्हातारपणी माणूस असा उचलेपणा करतो. तू विचारलंस म्हणून सांगतोय. बरं, विचारलं नाहीस, तू नुसतं म्हणालीस की 'आई म्हणते, सरांचं घड्याळ कधी चुकलं नाही.' ते विचारल्यासारखंच झालं. आधी बस तू. आणि तो गुडघा हलवणं थांबव, टेबल हलतंय, टेबलावरच्या माझ्या गोळ्या शर्यतीला निघाल्यात. पळायला उद्यापर्यंत वेळ आहे.

कागद आणलायस ना? दाखव. हे काय, आठ घड्या? एवढ्याशा कागदाच्या एवढ्या घड्या घालायच्या म्हणजे माणसाला तो लपवायचा तरी असतो नाहीतर गिळायचा तरी. 'शाळा सोडल्याचा दाखला मिळण्याबाबत' — अक्षर तुझं? वाईट नाही, उतारावरून धावत आल्यासारखं आहे, शेवटच्या ओळीत तर धापच लागलीय त्याला. अर्जदार सोळा वर्षांची, परीक्षेला चार महिने, आणि खाली पालकांच्या सहीची जागा कोरी. उद्या बारापर्यंत द्यायचा, म्हणजे परवा क्रीडाकेंद्राच्या वसतिगृहात खाट मिळणार. नाही दिला तर खाट दुसऱ्या कुणाला. आणि तुझ्या आईनं काय सांगितलं? — थांब, मीच सांगतो, तिनं मला सकाळीच फोन केलाय. 'सर, गोळ्या घेऊन तिला पाठवतेय, जरा समजवा. तुम्ही हो म्हणालात तर मी सही करीन, नाही म्हणालात तर नाही. तुम्ही हिशेब करूनच बोलता.' बघ म्हणजे! औषधांचं दुकान चालवते, दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचते, आणि मुलीच्या आयुष्याची चिठ्ठी मात्र माझ्याकडून लिहून हवी. मी फोन ठेवला आणि गोळी घ्यायची ती दोनदा घेतली. नाही नाही, घाबरू नकोस, दुसरी थुंकून टाकली. आईला सांगू नकोस.

तू पळतेस चांगली, यात वादच नाही. तुझी चाचणी केंद्रातच झाली ना, त्या दिव्याच्या यंत्रावर? मग प्रश्नच मिटला. यंत्राला चष्मा नसतो. यंत्र घाम पुसत नाही. तू आत्ता जिना चढलीस तर मला दोनच पावलं ऐकू आली — बारा पायऱ्या आहेत, मी मोजून आहे — आणि ती दोनही नुसती चवड्यांची, टाच म्हणून टेकली नाही. पाणीसुद्धा उभ्यानं, ग्लास हातात यायच्या आधीच संपवलंस. आमच्या वेळी अशा मुलांना आम्ही वर्गाबाहेर उभं करायचो आणि ती तिथूनही पसार व्हायची. हस, हस. मला दात दाखवायला हरकत नाही, माझे स्वतःचे चारच उरलेत.

तर टोळ. त्या धुराच्या शर्यतीतला, त्याचंच मी सांगत होतो. खरं नाव काही का असेना, सगळी शाळा त्याला टोळच म्हणायची, पाय गळ्यापासून सुरू व्हायचे म्हणून. मी तेव्हा शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो. आता तू विचारशील — विचारणार नाहीस, तुम्ही पोरं विचारत नाही, पण मी सांगतो — की डॉक्टरेट घेतलेला माणूस शाळेत काय करत होता? महाविद्यालयाच्या मुलाखतीला मी दोनदा गेलो होतो. एकदा दारापर्यंत, एकदा दाराच्या आतपर्यंत. आत पाच जण बसलेले पाहिले, 'माफ करा, खोली चुकली' म्हणालो, आणि परत आलो. असो. माझा प्रबंध तीनशे बारा पानांचा होता, आणि विषय काय माहितीये? ध्वनी. हवेतून जाणारा ध्वनी. हे नीट लक्षात ठेव, पुढे तुला हसायला उपयोगी पडेल.

तर आंतरशालेय शर्यती. शाळेत स्टॉपवॉच एकच, आणि ते माझ्याकडे, कारण विज्ञानाचे शिक्षक म्हणजे घड्याळ यांनाच कळतं असा मुख्याध्यापकांचा समज. शंभर मीटरला एका टोकाला पीटीचे मास्तर पिस्तूल घेऊन आणि दुसऱ्या टोकाला, फक्कीच्या रेघेवर, मी. आता यातली गंमत बघ. पिस्तूल उडालं की धूर लगेच दिसतो, पण आवाज? आवाजाला शंभर मीटर चालत यावं लागतं. सेकंदाला तीनशे चाळीस मीटर — म्हणजे शंभराला किती? बोटं काय मोजतेस? शाळा सोडायला निघालीस ती बरोबरच आहे म्हणायची! तीन दशांश सेकंद, जवळजवळ. म्हणजे वेळ घेणाऱ्यानं धूर पाहून बटण दाबायचं. आवाज ऐकून दाबलं तर पळणारा आधीच तीन दशांश पळून आलेला असतो, ते तीन दशांश घड्याळात येतच नाहीत, आणि पोरगं आहे त्यापेक्षा वेगवान दिसतं. तीन दशांश म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको. आमची ही म्हणायची, 'एवढ्या वेळात माझी शिंकसुद्धा पुरी होत नाही, आणि तुम्ही त्यावर जन्म घालवलात.'

त्या दिवशी ऊन होतं — नाही, ढग होते — ऊनच असणार, कारण मला घाम आला होता. चष्मा काढला, पुसला. आणि पिस्तूल वाजलं. एवढं खरं. चष्मा डोळ्यांवर होता की हातात? तिथेच माझं अडतं. बटण दाबलं गेलं, टोळ आला, फक्की उडवत गेला, घड्याळ म्हणालं अकरा-दोन. अकरा सेकंद, दोन दशांश! मैदानावर नुसता आरडाओरडा. मी चिठ्ठी लिहिली, सही केली, आणि त्याच दुपारी ती चिठ्ठी केंद्राला गेली. तेव्हा तुमचं ते यंत्र नव्हतं, केंद्रवाले शाळेच्या चिठ्ठीवरच मुलं उचलायचे. मर्यादा काय आहे ते कुणाला सांगायचे नाहीत. एक तर बोलावणं यायचं, नाहीतर छापील पत्र — 'वेळ पुरेसा नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास. धडा ध्वनी. फळ्यावर उदाहरण — पुस्तकातलंच, दरवर्षीचंच, अकरा वर्षं मी तेच घालत होतो — 'शंभर मीटर अंतरावर बंदूक उडाली. धूर दिसल्यानंतर किती वेळानं आवाज ऐकू येईल?' खडू 'धूर' शब्दावर आला आणि माझ्या हातातच मोडला. मी तसाच उभा. पोरांत खुसखुस, मग एक मुलगी म्हणाली, 'सर, उत्तर पुस्तकाच्या मागं दिलंय.' मागं दिलं होतं गं, पण माझं नव्हतं दिलेलं. मी तसाच कार्यालयात गेलो — चिठ्ठी गेलेली. मुख्याध्यापकांना सांगावं? काय सांगावं? की साहेब, ध्वनीवर तीनशे बारा पानं लिहिलेल्या माणसाला ध्वनी कळला नाही? आणि पाहिलाही असेल की धूर मी! संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा असतो ना, मी तो स्वतःला दिला. आठवड्यानं टोळाला बोलावणं आलं. प्रार्थनेच्या वेळी त्याचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, त्यानं अर्ज दिला — अस्साच, तुझ्यासारखा, घड्या मात्र कमी होत्या — आणि शाळा सोडून गेला. जाताना माझ्या पाया पडला. 'सर, तुमच्या घड्याळामुळे.' मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, 'सांभाळून जा.' ढोंगी माणूस.

मग त्याचे वडील एकदा फाटकाशी भेटले. म्हणाले, पोरगं तिकडे जाऊन मंदावलं म्हणतात, अकरा-पाचच्या खाली येतच नाही. बस्स. माझी झोप उडाली ती उडालीच. कारण मला कळलं की तो मंदावलेला नाही, तो कधी अकरा-दोन पळलाच नव्हता! जो वेळ त्यानं कधी घेतलाच नाही तो परत मिळवायला पोरगं रोज पहाटे उठून जिवाच्या आकांतानं पळत असणार, आणि तो वेळ बनवलेला मी. दोन वर्षांनी घोटा मोडून परत आला. शाळेत काही पुन्हा बसला नाही — मिसरूड फुटलेला मुलगा, लहान पोरांच्या शेजारी कसा बसणार? पंप दुरुस्त करायला शिकला. मी त्याला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या बाजूला जायचो. एवढे लांब पाय त्याचे, दुरून ओळखू यायचे, तेवढी सोय होती.

आणि मी शपथ घेतली. मोठ्यानं नाही, मनातल्या मनात. पुन्हा कधी आवाजावर बोट हलवायचं नाही. वीस वर्षं, बाळ! शर्यत असली की चष्म्याला दोरी, खिशात दोन रुमाल, आणि चक्क कानात कापूस. हो, कापूस. आवाज ऐकूच यायला नको, नुसता धूर. पोरं मला मागून 'कापूसवाले' म्हणायची, मला माहीत होतं — ऐकू येत नव्हतं, पण माहीत होतं. इतर शाळांचे मास्तर हसायचे. ते आपले गप्पा मारत उभे, ठो झालं की दाबलं बटण. मी मनात म्हणायचो, हसा. माझा आकडा खरा आहे. तुझी आई ती वेणी नाकाच्या रेषेत मागं उडवत आली तेव्हाही मी कापूस घालूनच —

काय? कुठे काय म्हणालो? आई म्हणालो का मी?

बरं. म्हणालो. पळायची ती. तुला सांगितलं नाही तिनं? काय सांगितलंय मग? 'मी अभ्यासात बरी होते'? होती ना, होतीच. पण जिना बारा पायऱ्यांचा दोन पावलांत चढायची, हे नाही सांगितलं? सांगणार कशी, सांगितलं असतं तर तू आज इथं माझ्यासमोर बसलीच नसतीस, कधीच पसार झाली असतीस. अगं, वेणी म्हणायचे तिला सगळे, पळताना ती वेणी पाठीला टेकायचीच नाही म्हणून. तिनंही हा अर्ज लिहिला होता. हाच. चिठ्ठी केंद्राला गेली तेव्हाच लिहून दप्तरात ठेवला होता, बोलावणं येणारच या खात्रीनं. आणि छापील पत्र आलं, वेळ पुरेसा नाही. रडली नाही. माझ्याकडे आली आणि काय म्हणाली सांगू — 'सर, तुमचं घड्याळ खोटं बोलत नाही, त्यामुळे मला वाईट नाही वाटलं.' मग तो अर्ज फाडला, त्याच बाकावर जाऊन बसली, आणि पुढच्या वर्षी पहिली आली. मी घरी जाऊन आमच्या हिला सांगितलं, बघ, याला म्हणतात खऱ्या आकड्याची किंमत. फुशारकी मारली मी! जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

अशी बघू नकोस माझ्याकडे. आईचेच डोळे आहेत तुझे, त्रास होतो.

हे सगळं ठीकच चाललं असतं, पण आठ वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवरचा पंप बिघडला. आणि आला कोण? टोळ. आता मी गच्चीवर, तो जिन्यात, पलीकडची बाजूच नाही. तो आपला शीळ घालत पंप उघडतोय, केस पांढरे, पाय तसेच. मला राहवलं नाही. म्हणालो, माफ कर बाबा, तुझा अकरा-दोन खोटा होता, मी बहुतेक आवाजावर दाबलं. त्यानं पान्हा खाली ठेवला आणि हसायला लागला. इतका हसला की पंपावर बसावं लागलं त्याला. 'सर,' म्हणाला, 'ते मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं तिकडच्या प्रशिक्षकांनी. शाळेच्या चिठ्ठ्या सगळ्या आवाजावरच्या असतात म्हणाले, ते आकडे विसर.' आणि तो घोटा? मी विचारलं, घोटा माझ्यामुळे मोडला ना, जास्त पळून? 'घोटा कुंपणावरून उडी मारताना मोडला. सिनेमाला चाललो होतो.' बोल! तीस वर्षं मी ज्याचं पाप वाहिलं तो सिनेमाला चालला होता! आणि म्हणतो कसा, 'दोन वर्षं माझी मजेत गेली, सर. अजून स्वप्नात पळतो.' शाळा सोडल्याचं? ते मी विचारलं नाही. मुलीला मात्र शिकवतोय, एवढं त्यानंच सांगितलं. याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव, मला दोन्ही बाजूंनी लागतो.

पण जाता जाता, पान्हे आवरताना, तो आणखी एक बोलून गेला. घोटा प्लास्टरमध्ये होता तेव्हा त्याला कार्यालयात बसवलं होतं, चिठ्ठ्या वहीत डकवायला. म्हणाला, 'तिथला कारकून प्रत्येक शाळेच्या वेळेत सरसकट तीन दशांश मिळवायचा, सर, लाल शाईनं. मास्तर आवाजावर दाबतात म्हणून. मग मर्यादेशी ताडून बघायचा.' प्रत्येक शाळेच्या, बाळ. सरसकट. तो सहज बोलला, पैसे घेतले आणि गेला. मी गच्चीवर तसाच उभा राहिलो. टाकी भरून वाहायला लागली, खालच्या मजल्यावरून ओरडले लोक.

कळलं का तुला? माझा एकच आकडा खोटा होता आणि त्यात काही बिघडलं नाही, कारण खोट्याचीच सोय केलेली होती. खऱ्याची नव्हती. कापूसवाल्याची नव्हती.

मी गेलो ना मग. गाडी करून गेलो, वही पाहायला. जुन्या वह्या तळघरात ठेवल्यात, तिथल्या बाई चांगल्या होत्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. सापडली वही. काय होतं तिच्यात ते — ते राहू दे आत्ता. तो तांब्या दे इकडे जरा.

आठ वर्षं दर महिन्याला तुझी आई मला रक्तदाबाच्या गोळ्या देते. ज्या गोष्टीनं दाब वाढतो त्या गोष्टीवरची गोळी तिच्याच दुकानातून. दर वेळी ठरवतो, आज सांगू. दर वेळी ती विचारते, 'सर, चक्कर वगैरे नाही ना?' आणि मी म्हणतो, नाही गं, मजेत आहे. आणि आता तीच म्हणते, सर हो म्हणाले तर सही. मी हो म्हणू? म्हणालो, आणि तिकडे तुझा घोटा मोडला तर? सिनेमाला जाऊ नकोस हं, गेलीस तरी कुंपणावरून नको. नाही म्हणू? म्हणालो तर एकाच घरातल्या दोन पोरींना मी रेघेवर अडवल्यासारखं होईल. परीक्षा बाहेरून देता येते म्हणतेस तू — येते, पण देतात किती जण? शंभरातले आठ. हो, मी आकडा शोधून ठेवलाय, सवय जात नाही. आणि तू त्या आठांत असशील की ब्याण्णवांत, याचं यंत्र अजून निघालेलं नाही. दोन्हीकडून बोट माझंच बटणावर. चष्मा आहे का बघ गं माझ्या डोळ्यांवर?

आहे. बरं.

ऐक — जिन्यात कुणीतरी आहे. बघ, टाच टेकत नाही अजून. दुकान बंद करून आली वाटतं, तुला इतका वेळ लागला म्हणून. तू असं कर, तो कागद टेबलावर ठेव. घड्या उघडून ठेव, असा नको, सरळ. आणि गुडघा हलवू नकोस.

ये गं, दार उघडंच आहे. नाही, हिला मी काहीच समजावलं नाही, उलट मीच बोलत बसलो होतो. गोळी घेतली. चक्कर नाही. पर्स राहू दे खांद्यावर, पण बस, ती खुर्ची घे. हो म्हणालो की नाही म्हणालो? दोन्ही नाही म्हणालो. सही करायची की नाही ते तू ठरव, तुझी मुलगी आहे — पण माझ्या हिशेबावर विसंबून नको, आणि माझं ऐकून घेतल्याशिवायही नको. नाही, हिचं नाही, तुझं बोलतोय. तुझी ती शर्यत. त्या दिवशी मी धुरावर दाबलं होतं, ते मला स्वच्छ आठवतं, कानात कापूस होता. बोलू दे मला, मध्ये थांबलो तर पुन्हा आठ वर्षं जातील. मी केंद्रात जाऊन वही पाहून आलोय. तुझी चिठ्ठी अजून आहे तिथं, माझ्याच अक्षरातली, बारा-सहा. तिच्याखाली लाल शाईनं बारा-नऊ केलंय. आणि पानाच्या डोक्यावर त्या वर्षीची मर्यादा लिहिलीय. बारा-आठ.